कॅन्सर डिपार्टमेंटमध्ये अ‍ॅडमिनचं काम: सारखे सारखे येणारे प्रश्न

नवीन जॉइन होणारे, इंटरव्ह्यूला जाणारे आणि दुसऱ्या डिपार्टमेंटमधून बदली होऊन आलेले लोक मला तेच तेच प्रश्न पाठवत राहतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी ११ वर्षं कॅन्सरच्याच डिपार्टमेंटला आहे त्यामुळे उदाहरणं तिथलीच येणार. डायलिसिस, कार्डिऑलॉजी, ट्रान्सप्लांटवाल्यांनी औषधांची आणि मशीनची नावं बदलून वाचा, डोकेदुखी तीच आहे.

१. डिपार्टमेंट अ‍ॅडमिन म्हणजे रिसेप्शनिस्टच ना, फक्त नाव मोठं?

नाही. पण तुमचा गोंधळ मला समजतो, कारण बऱ्याच ठिकाणी टेबल एकच असतं. रिसेप्शनवरचा माणूस पेशंटला योग्य दारापर्यंत पोचवतो आणि त्याचं काम तिथे संपतं, आपलं तिथून सुरू होतं. स्पेशालिटीत पेशंट एकदा दाखवून निघून जात नाही, तो महिनोन्महिने येत राहतो. सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजी, स्कॅन, फार्मसी, बिलिंग, सगळ्यांना आपापला तुकडा दिसत असतो. बायोप्सीचा रिपोर्ट आल्याशिवाय केमो नाही, इकोशिवाय (हृदयाची सोनोग्राफी) अमुक औषध नाही, मंजुरीशिवाय औषध मागवता येत नाही, आणि हे सगळं कुठल्या क्रमाने कुठल्या तारखेला बसणार हे बघणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. तुम्ही. लोक याला कागदांची नोकरी म्हणतात, मी तारखांची म्हणते.

२. मी कॉमर्सवाली आहे, मेडिकलमधलं काही येत नाही. जमेल का?

जमेल. मीसुद्धा तशीच आले. पहिले तीन महिने भाषा शिकण्यात जातात, त्याला इलाज नाही. माझी सवय अशी होती की एक वही ठेवायची आणि दिवसभरात कानावर पडलेला प्रत्येक अनोळखी शब्द जसा ऐकू आला तसा लिहायचा आणि संध्याकाळी सिस्टरना विचारायचं (डॉक्टरांना नाही, ते घाईत अर्धं सांगतात). शब्दाचा अर्थ कळला की थांबू नका, त्या शब्दामुळे आपल्या कामात काय बदलतं ते विचारा. उदाहरणार्थ ट्रास्टुझुमॅब म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरचं एक औषध, एवढं कळून उपयोग नाही. ते हृदयावर परिणाम करू शकतं म्हणून साधारण दर ३ महिन्यांनी इको लागतो, आणि ते बहुतेक दर ३ आठवड्यांनी वर्षभर चालतं, म्हणजे पहिल्याच दिवशी मला इकोच्या चार तारखा कॅलेंडरवर टाकायच्यात. हे कळणं म्हणजे औषध कळणं, आपल्यापुरतं.

३. दिवस साधारण कसा जातो?

सकाळी येऊन आधी आजच्या डेकेअरच्या (केमो घेऊन त्याच दिवशी घरी जाणाऱ्यांचा विभाग) यादीशी काल संध्याकाळी आलेले ब्लड रिपोर्ट जुळवायचे, कोणाचे आले नाहीत त्यांच्यामागे लागायचं, मग ओपीडी सुरू झाली की दुपारपर्यंत डोकं वर निघत नाही. दुपारनंतर इन्शुरन्स, फाइली, ट्युमर बोर्डाची तयारी (त्याबद्दल ८ मध्ये), उद्याचे फोन. हे कागदावर. प्रत्यक्षात एक फोन येतो आणि सगळं कोलमडतं, त्याची सवय होते.

४. केमोच्या तारखा देणं एवढं अवघड का म्हणतात? रिकामा स्लॉट बघायचा आणि द्यायचा ना?

इथे जरा लांबण लावणार आहे, कारण नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

केमो सायकलमध्ये चालते. खूपशा सायकल २१ दिवसांच्या, काही १४ च्या, काही २८ च्या, आणि काही औषधं दर आठवड्याला. सायकलचा पहिला दिवस म्हणजे डे वन, मग डे एट, डे फिफ्टीन असं मोजतात. आता गंमत बघा, १४, २१, २८ हे सगळे सातच्या पाढ्यातले आकडे. म्हणजे ज्याची पहिली केमो सोमवारी लागली त्याच्या पुढच्या सगळ्या सोमवारीच येणार, सहा सायकल असतील तर चार महिने तो तुमच्या सोमवारवर बसणार. ओपीडी सोमवारी असेल तर डॉक्टर सहज म्हणून जातात "नेक्स्ट मंडे स्टार्ट करू", सहा-सात जणांना म्हणतात आणि दोन महिन्यांनी सोमवारी केमो द्यायच्या खुर्च्या कमी पडतात आणि गुरुवारी सिस्टर रिकाम्या बसतात. त्यामुळे गर्दी वाटायची असेल तर पहिल्याच सायकलला वाटा, नंतर हलवणं म्हणजे प्रत्येक वेळी डॉक्टरांची परवानगी (त्याबद्दल ५ मध्ये).

दुसरं, एका तारखेला शेपूट असतं. बऱ्याच जणांना केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन असतं आणि ते केमो संपल्यावर किमान २४ तास गेल्याशिवाय देत नाहीत. केमो शनिवारी दिलीत आणि रविवारी तुमचं डेकेअर बंद, मग ते इंजेक्शन कोण देणार? मी जॉइन झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात हा घोळ घातलाय, पेशंट रविवारी बंद दारासमोर उभा राहून फोन करत होता. तेव्हापासून डे वन टाकताना डे टू उघडा आहे का ते आधी बघते.

तिसरं, सलग दिवसांची औषधं. अ‍ॅझासायटिडिन मूळ वेळापत्रकात सलग ७ दिवस देतात, त्यात शनिवार-रविवार कुठेतरी येणारच. सुट्टीला बंद असणाऱ्या ठिकाणी ५ दिवस, मग २ दिवस गॅप, मग २ दिवस असं देतात, पण तसं चालेल का हे डॉक्टर लिहून देणार. आपण कॅलेंडर बघून स्वतःच तोडायचं नाही.

चौथं, खुर्ची किती तास अडणार. कोणाची केमो अर्ध्या तासात उरकते, कोणाची सहा तास चालते. दहा खुर्च्या म्हणजे दहा पेशंट हा हिशोब पहिल्या दिवशीच विसरा. लांबलचक केमोवाले सकाळी पहिले, छोटी इंजेक्शनं दुपारी.

५. पेशंट म्हणतो घरात कार्यक्रम आहे, केमो चार दिवस पुढे घ्या. मी घेऊ का?

तुम्ही नाही घ्यायची. नाही पण म्हणायचं नाही. "डॉक्टरांना विचारून आज संध्याकाळपर्यंत कळवते" म्हणायचं आणि खरंच कळवायचं. काही पेशंटची ट्रीटमेंट आजार आटोक्यात ठेवण्यासाठी असते तिथे डॉक्टर पटकन हो म्हणतात, काहींची बरं करण्यासाठी असते तिथे एकेक दिवस मोजतात, आणि यादीत दोघांची नावं सारखीच दिसतात. बाहेरून ओळखू येत नाही.

उलटं पण असतं, आम्हीच पुढे ढकलतो. आदल्या दिवशीच्या ब्लड रिपोर्टमध्ये काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) कमी आले की केमो होत नाही. तिथे घरून निघायच्या आधी फोन करणं हे आपलं काम. लांबून प्रवास करून, उपाशी, सुई टोचायच्या तयारीने आलेल्या माणसाला काउंटरवर "आज नाही होणार" सांगणं ही या नोकरीतली सगळ्यात टाळता येण्यासारखी वाईट गोष्ट आहे.

गोळ्यांच्या केमोत अजून एक. कॅपेसिटाबिन बहुतेक वेळा १४ दिवस घ्यायची आणि ७ दिवस बंद ठेवायची असते. तारीख पुढे गेली की पेशंट विचारतो "मग तोपर्यंत गोळ्या चालूच ठेवू ना?" याचं उत्तर काउंटरवरून कधीही देऊ नका. तुम्हाला माहीत असलं तरी नाही.

६. रेडिएशनचं मशीन बंद पडलं. सगळ्यांना उद्या या सांगू?

थांबा. आधी यादी घेऊन डॉक्टर आणि फिजिसिस्टकडे (रेडिएशनच्या डोसचं गणित बघणारे) जा. रेडिएशन सहसा सोमवार ते शुक्रवार रोज असतं. डोकं-मानेच्या कॅन्सरला ३३ ते ३५ सिटिंग म्हणजे साडेसहा-सात आठवडे लागतात, ब्रेस्टला पूर्वी ५ आठवडे सर्रास होते आता ३ आठवडे किंवा काही ठिकाणी १ आठवड्यात ५ सिटिंगसुद्धा. डोकं-मान, सर्व्हिक्स (गर्भाशयाचं तोंड) यांसारख्या काही कॅन्सरमध्ये एकूण कालावधी लांबला तर ट्रीटमेंटचा परिणाम कमी होतो, कारण मधल्या काळात उरलेल्या पेशी भराभर वाढतात. म्हणून गॅप भरून काढतात. शनिवारी सिटिंग घेतात, किंवा एका दिवशी दोन घेतात आणि दोन्हींत किमान ६ तास ठेवतात, किंवा दुसऱ्या मशीनवर हलवतात. त्यामुळे "सगळे उद्या" हे उत्तर सोपं असतं आणि चूक असतं. कोण आजच्या आज दुसऱ्या मशीनवर जाणार आणि कोणाला एक दिवस चालेल हे ते ठरवणार, आपण फोन करणार, आणि कोणाला काय सांगितलं ते वेळेसकट लिहून ठेवणार.

आणि हो, सिटिंग सुरू व्हायच्या आधी मास्क बनवणं, सिटी सिम्युलेशन (प्लॅनिंगसाठीचा सिटी स्कॅन) आणि प्लॅनिंग यात काही दिवस जातात, काही वेळा आठवडा-दीड आठवडा. नातेवाइकांना वाटतं मशीन रिकामं असून आपल्याला लटकवलंय. हे पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं तर पुढची दहा भांडणं वाचतात.

७. पेट स्कॅनला पेशंट एक तास उशिरा आला तर लोक एवढे का चिडतात?

कारण ते औषध फ्रीजमध्ये ठेवून देता येत नाही. पेट स्कॅनला जे एफडीजी टोचतात त्याची रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी साधारण ११० मिनिटांत निम्मी होते. डोस ठरलेल्या वेळेसाठी मागवलेला असतो, दोन तासांनी त्याचा अर्धाच उरलेला असतो. टोचल्यावर साधारण एक तास शांत पडून राहावं लागतं, त्यामुळे एकाचा उशीर पुढच्या प्रत्येकाच्या अंगावर येतो.

म्हणून आदल्या दिवशीचा फोन नीट करा. ४ ते ६ तास उपाशी, साधं पाणी चालेल, व्यायाम नको, आणि डायबेटिस आहे का हे विचाराच, कारण साखर खूप वाढलेली असेल (बरेच सेंटर २०० च्या वर असेल तर थांबवतात) तर स्कॅन नीट येत नाही आणि परत पाठवायची वेळ येते. डायबेटिसचा पेशंट असेल तर त्याच्या गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं हे स्कॅनवाल्यांकडून लिहून घ्या, "उपाशी या" एवढंच सांगून फोन ठेवू नका.

८. ट्युमर बोर्डात अ‍ॅडमिनचं काय काम? डॉक्टरच बोलतात ना?

बोलतात डॉक्टर, पण कशावर बोलणार ते आपण आणून ठेवलेलं असतं. बोर्डात सर्जन, मेडिकल आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसून एकेक केस ठरवतात, आणि एका केसला मिनिटं मोजकीच मिळतात. इमेजेस नसतील तर ती केस पुढच्या आठवड्यावर जाते. म्हणजे आपण सीडी मागवायला विसरलो म्हणून एका माणसाची ट्रीटमेंट सात दिवस पुढे. मला तरी हे रात्री आठवतं.

म्हणून यादी दोन दिवस आधी बंद करायची. प्रत्येक नावापुढे बघायचं: बायोप्सी आली का, इम्युनोचा (बायोप्सीच्या टिश्यूवरची पुढची टेस्ट) रिपोर्ट आला की अजून चालू आहे, स्कॅन आपल्या सिस्टमवर चढलाय का, आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न काय विचारायचाय. बाहेरचा स्कॅन असेल तर डायकॉम फाइल (स्कॅनच्या मूळ डिजिटल इमेजेस) लागते, फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो किंवा नुसता रिपोर्ट चालत नाही. सीडी हातात आली की लगेच लावून बघा, रिकाम्या सीड्या मी भरपूर पाहिल्यात. दुसऱ्याच पेशंटची निघालेली एकदाच, पण तेवढीही पुरते.

बोर्डाचा निर्णय त्याच दिवशी फाइलमध्ये गेला पाहिजे. आणि निर्णयातून निघालेली कामं, म्हणजे अमुक टेस्ट, तमुक अपॉइंटमेंट, ती कोण करणार याचं नाव. "टीम करेल" असं लिहिलं की ते कोणीच करत नाही.

९. स्लाइड, ब्लॉक, रिपोर्ट, हे सगळं एकच का? पेशंट बाहेर दाखवायला मागतोय.

एकच नाही. रिपोर्ट म्हणजे कागद, कितीही कॉपी द्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला खरा टिश्यू, स्लाइड म्हणजे त्यातून कापलेली पातळ चकती काचेवर. स्लाइड परत कापता येते, ब्लॉक परत बनत नाही. छोट्या बायोप्सीत तर टिश्यू एवढासाच असतो की दोन-तीनदा टेस्ट केल्या की संपतो.

सेकंड ओपिनियन घेणं हा पेशंटचा हक्क आहे, त्यात तोंड वाकडं करायचं कारण नाही. फक्त देताना रजिस्टरला नंबर, किती ब्लॉक किती स्लाइड, कोणी नेलं, सही, परत कधी. कुरिअरने पाठवायचं तर काचेच्या स्लाइड कडक डब्यात, ब्लॉक उन्हात तापणार नाहीत असे. नुसत्या पाकिटात घातलेल्या स्लाइडचं काय होतं हे एकदा पाहिलं की परत कोणी तसं करत नाही.

याला चिकटूनच: ओटीतून येणाऱ्या सँपलच्या फॉर्मवर टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये (टिश्यू टिकवायचं द्रावण) कधी घातला ती वेळ लिहिलेली आहे का बघा. ब्रेस्टच्या हॉर्मोन आणि हर-टू टेस्टसाठी (कुठलं औषध चालेल ते यावरून ठरतं) तो ६ ते ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये असावा लागतो. सुट्टीच्या आधीच्या संध्याकाळी आलेलं सँपल तीन दिवस पडून राहिलं तर पॅथॉलॉजीवाले आधी वेळ विचारणार, आणि फॉर्मवरचा रकाना रिकामा असेल तर कोणाकडेच उत्तर नसतं.

१०. पेशंटचा फोन आला, केमो होऊन दहा दिवस झालेत आणि ताप आहे. ओपीडी उद्या आहे. काय सांगू?

"उद्या या" हे सांगायचं नाही. हे एकच उत्तर पाठ केलंत तरी चालेल.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. तेव्हा ३८ डिग्री, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर ती इमर्जन्सी असते, आणि पेशंट पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असं धरतात. पेशंट फोनवर ठणठणीत बोलत असतो, "तसं बरंय हो ताई, थोडी कणकण आहे" म्हणतो, आणि तिथेच फसायला होतं.

तुम्ही करायचं ते एवढंच: नाव, नंबर, शेवटची केमो कधी झाली, ताप किती, थंडी वाजतेय का हे लिहून घ्या, फोन चालू ठेवून ऑन-कॉल डॉक्टरांना जोडा. डॉक्टर उचलत नसतील तर त्यांच्यावरचे, तेही नसतील तर सरळ कॅज्युअल्टीत यायला सांगा आणि कॅज्युअल्टीला फोन करून कळवा की केमोचा पेशंट येतोय, बाहेर बाकावर बसवू नका. पॅरासिटामॉल घेऊन बघू का असं विचारतील, ते पण तुम्ही ठरवायचं नाही, डॉक्टरांशी बोलू द्या, कारण गोळीने आकडा खाली येतो आणि इन्फेक्शन तसंच राहतं.

असेच लगेच जोडायचे दुसरे फोन: श्वास लागणं, न थांबणारं रक्त, अचानक पाय लुळे पडणं किंवा लघवीचा ताबा जाणं, केमो चालू असताना किंवा नंतर हाताला सुईच्या जागी जळजळ आणि सूज. टेबलावर काचेखाली लावून ठेवा ही यादी.

११. एकाच नावाचे दोन पेशंट एकाच दिवशी आहेत. फाइलवर लाल स्टिकर लावलं तर पुरेल का?

स्टिकर लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. नियम असा की कमीत कमी दोन ओळखी जुळल्या पाहिजेत, पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा हॉस्पिटलचा नंबर. खुर्ची नंबर, खोली नंबर ही ओळख नाही, माणूस खुर्ची बदलतो. २००७ मध्ये डब्ल्यूएचओने पेशंट सेफ्टीचे जे नऊ उपाय काढले त्यात पेशंटची ओळख हा एक होता, आणि सारख्या दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या औषधांची नावं हा अजून एक (ते १४ मध्ये).

आणि विचारायची पद्धत. "तुम्हीच अमुक ना?" असं विचारलं तर कमी ऐकू येणारे, घाबरलेले, झोपेत असलेले, सगळे मान डोलावतात. "पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा" असं विचारायचं, उत्तर त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. रोज येणाऱ्या पेशंटला पण. ते हसतात, "ताई अजून ओळखत नाही का मला", हसू द्या.

१२. मुलगा म्हणतो वडिलांना कॅन्सर आहे हे सांगू नका, आणि रिपोर्ट मला मोबाइलवर पाठवा. काय करायचं?

हे दोन प्रश्न आहेत. रिपोर्टचं सोपं आहे: पेशंटने फाइलमध्ये ज्याचं नाव लिहून दिलंय त्यालाच, तेही हॉस्पिटलच्या ठरलेल्या मार्गाने. तुमच्या स्वतःच्या मोबाइलवरून फोटो कधीच नाही, कितीही गयावया केली तरी. चुकीच्या नंबरला गेलेला रिपोर्ट परत येत नाही.

पहिलं अवघड आहे. तुम्ही मुलाला वचन द्यायचं नाही. आणि भावनेच्या भरात वडिलांना सांगूनही टाकायचं नाही. डॉक्टरांना आत जाण्याआधी कळवा की घरच्यांनी असं सांगितलंय, पुढचं बोलणं ते करतील. पण काउंटरवर जपून बोला. "ऑन्कोलॉजीची फाइल कोणाची" असं ओरडून हाक मारल्यावर गुपित कसलं राहतंय. बहुतेक वेळा वडिलांना माहीत असतं, ते मुलाला जपत असतात. एकदा एका आजोबांनी मला हळूच विचारलं होतं, पोराला माहितीये ना मला कळलंय ते?

१३. इन्शुरन्सवाले कोड चुकला म्हणून परत पाठवतात. कुठे चुकतं?

बहुतेक ठिकाणी अजून आयसीडी-१० (आजारांच्या कोडची जागतिक यादी) चालू आहे. आयसीडी-११ अधिकृतपणे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं पण बदल सावकाश होतोय, तुमच्याकडे कुठलं चालतं ते आधी विचारा.

सगळ्यात कॉमन चूक पसरलेल्या कॅन्सरची. ब्रेस्टचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेला तर तो लिव्हरचा कॅन्सर होत नाही. मूळ सी५० राहतो आणि लिव्हरमधल्या गाठीला सी७८.७ लागतो. कोणीतरी घाईत सी२२ टाकतं, जो मूळ लिव्हर कॅन्सरचा आहे, आणि मग इन्शुरन्सवाला विचारतो लिव्हर कॅन्सरला हे ब्रेस्टचं औषध कशाला? त्याचं बरोबरच असतं. हाडात गेला तर सी७९.५. नुसत्या केमोच्या सिटिंगसाठी आलाय तर झेड५१.१, रेडिएशनला झेड५१.०.

दुसरी चूक स्टेजची. निदानाच्या वेळी जी स्टेज ठरते ती पुढे आजार वाढला तरी बदलत नाही. दोन वर्षांनी पसरला तर "स्टेज २, आता मेटास्टॅटिक" असं लिहितात, जुनी खोडून ४ करत नाहीत. टीएनएममध्ये (गाठ, लसिका ग्रंथी आणि पसरणं यांवरून स्टेज लिहायची पद्धत) अक्षराआधी लहान सी असेल तर तपासणीवरून, पी असेल तर ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजीवरून, आणि त्याच्याही आधी वाय लागला तर आधी केमो किंवा रेडिएशन होऊन गेलंय. ही अक्षरं टाइप करताना गाळू नका. आणि शंका आली तर कोड अंदाजाने भरू नका, मंजुरी एक दिवस उशिरा आलेली परवडते.

१४. औषधांची नावं लांबलचक असतात, शॉर्टमध्ये लिहिलं तर चालतं का?

नाही. सिस्प्लॅटिन-कार्बोप्लॅटिन, विनक्रिस्टिन-विनब्लास्टिन, पॅक्लिटॅक्सेल-डोसेटॅक्सेल, नाव अर्धवट लिहिलं की काहीही होऊ शकतं. सगळ्यात फसवी जोडी ट्रास्टुझुमॅब आणि ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन. दुसऱ्यात त्याच औषधाला केमो जोडलेली आहे, डोस वेगळा, खर्च वेगळा, आणि अदलाबदल झाली तर जीवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये याच गोंधळाबद्दल मुद्दाम इशारा दिला होता. मंजुरीच्या फॉर्मवर, ऑर्डरवर, फोनवर पूर्ण नाव. सिस्टम पहिलं नाव आपोआप सुचवते तेव्हा दोन सेकंद थांबून वाचा. फोनवर कोणी नाव किंवा आकडा सांगितला तर लिहा आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा.

१५. सिस्टम बंद पडली की काय?

रोज संध्याकाळी उद्याच्या यादीची प्रिंट काढून ठेवा, नाव, नंबर, सायकल, फोन. कागद वाया जातो असं आयटीवाले म्हणतात. म्हणू दे.

१६. डॉक्टर म्हणतात अमक्यांच्या ओळखीचा आहे, आधी घ्या. बाकीचे पेशंट माझ्यावर चिडतात.

ओपीडीत कोणाला दहा मिनिटं आधी आत सोडलं तर मी वाद घालत नाही, तेवढी लढाई लढायला ताकद उरत नाही. पण केमोची खुर्ची, बोर्डाची जागा, रेडिएशनचा स्लॉट, इथे कोणीतरी मागे जाणार असतं. तिथे मी शांतपणे विचारते, "सर, मग यातलं कोण पुढच्या आठवड्यात जाऊ दे?" आणि यादी पुढे करते. नाव वाचायची वेळ आली की बहुतेक वेळा विषय संपतो. संपला नाही तर निर्णय त्यांच्या सहीने.

१७. रोज असे पेशंट बघून त्रास होत नाही का?

होतो. डॉक्टर-सिस्टरना निदान शिकवलेलं असतं, आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं, आणि आपणच त्यांना सगळ्यात जास्त वेळा भेटतो. मला लंचला एकटं बसायला लागतं, माझ्या शेजारची सगळ्यांशी बोलून मोकळी होते. डिपार्टमेंटची मिटिंग असेल त्यात बसायचा हट्ट धरा, अ‍ॅडमिनला त्यातून वगळतात. घरी वही नेऊ नका.

१८. पेशंट गेला. आता फाइल बंद करायची एवढंच ना?

सगळ्यात आधी पुढच्या सगळ्या अपॉइंटमेंट काढून टाका. त्याच दिवशी. स्कॅन, इको, डेकेअर, फार्मसीची ऑर्डर, आणि आपोआप जाणारे मेसेज. ही प्रत्येक गोष्ट वेगळ्या सिस्टममध्ये असते, एका ठिकाणी नोंद केली की बाकीकडे पोचते असं धरून चालू नका. आमच्याकडे एकदा एका बाईंना नवरा जाऊन नऊ दिवस झाले असताना "उद्या सकाळी उपाशी या" असा मेसेज गेला. त्या मेसेज दाखवायला स्वतः आल्या. चिडल्या नव्हत्या, त्यांना वाटलं काही राहिलंय का. तेव्हापासून माझ्याकडे सात जागांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे टिक करते.

मग बाहेर गेलेल्या स्लाइड-ब्लॉकची नोंद (९ बघा), पेंडिंग क्लेम, घरच्यांना लागणारे कागद. क्लेमसाठी त्यांना तीनदा बोलवू नका, काय काय लागणार ते एकदाच लिहून द्या. काही महिन्यांनी घरचे ब्लॉकची चौकशी करायला येऊ शकतात, कारण कोणीतरी त्यांना जेनेटिक टेस्ट करून घ्या म्हणून सांगितलेलं असतं. म्हणून फाइल रेकॉर्ड रूमला जाताना ब्लॉकचा नंबर बाहेरच्या कव्हरवर लिहून पाठवते.